पांढरा कुडा: झाड ओळखण्यापासून साल वाळवून ठेवण्यापर्यंत

वळवाचा पाऊस पडून गेला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या कातळांच्या कडेला एक झुडूप पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी भरून जातं. वास मोगरा-जाईच्या जवळ जाणारा, म्हणून संस्कृतात त्याला गिरिमल्लिका असंही नाव आहे. हाच पांढरा कुडा, आयुर्वेदातला कुटज. शास्त्रीय नाव होलारीना प्युबेसेन्स. जुन्या पुस्तकांत होलारीना अँटिडिसेंटेरिका असं सापडतं. खोडाची साल ती कुडासाल, मुळाची ती कुडापाळ आणि बी म्हणजे इंद्रजव. अतिसार, आव आणि रक्ती मूळव्याध या तीन तक्रारींवर ही साल पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे.

साल कडू असली की काम झालं, असं समजून लोक जंगलातून काहीही सोलून आणतात. कुडा या नावाखाली आपल्याकडे निदान चार वेगळी झाडं आहेत आणि औषधी साल त्यांतल्या एकाचीच. म्हणून आधी ओळख, मग कोयता.

चार कुडे आणि एक नर्सरीतला

पांढरा कुडा झुडपासारखा किंवा लहान झाडासारखा वाढतो. उंची बहुधा तीन ते पाच मीटर, चांगल्या जमिनीत त्याहून जास्त. कुठेही खरवडलं तरी पांढरा चीक येतो. मात्र चीक चारही कुड्यांना असतो, त्यामुळे ही खूण एकटी काही सांगत नाही. पानं समोरासमोर, १० ते २० सेंटिमीटर लांब, रुंद, पातळ, देठ जवळजवळ नसल्यासारखा आखूड. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या आडव्या शिरांच्या १० ते १४ जोड्या ठळक दिसतात. फुलं फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी येतात. फुलाची नळी बारीक, पाकळ्या पाच, आणि नळीच्या तोंडाशी काहीही नाही: झालर नाही, बाहेर डोकावणारे पुंकेसर नाहीत. पुंकेसर नळीच्या तळाशी लपलेले असतात.

काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) हा सर्वांत मोठा घोटाळा. याचीही फुलं पांढरी आणि सुवासिक. फरक फुलाच्या मधोमध पाहायचा: काळ्या कुड्याच्या फुलात तंतूंची झालर असते आणि तिच्यामधून परागकोशांचा टोकदार शंकू वर आलेला दिसतो. पान लहान आणि निमुळतं, वाळल्यावर निळसर काळं पडतं. या पानांपासून पूर्वी नीळ काढत. पानं खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळट होतं, ते हेच झाड. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच्याच लाकडाची. झाड उपयोगाचं आहे, पण आवेवर द्यायची साल याची नव्हे.

तांबडा कुडा (राइटिया आर्बोरिया) पानावरून हात फिरवला की कळतो, पान मखमली लागतं. फुलं पिवळसर ते नारिंगी-तांबूस. नागलकुड्याची (टॅबरनीमोंटाना अल्टर्निफोलिया) पानं जाड आणि तकतकीत, तगरीसारखी. फळं नारिंगी, होडीसारखी वाकलेली, जोडीने लटकणारी. कोकणात काही गावांत यालाच 'पांढरा कुडा' म्हणतात, त्यामुळे गावच्या नावावर विसंबू नये.

पाचवा घोटाळा अलीकडचा आहे. नर्सरीत 'कुटज' म्हणून कुंडीतलं एक बुटकं, वर्षभर पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं देणारं झुडूप मिळतं. ते राइटिया अँटिडिसेंटेरिका, मूळचं श्रीलंकेचं. नावात 'अँटिडिसेंटेरिका' वाचून औषधी समजून घेतलेली हजारो रोपं बाल्कन्यांमध्ये आहेत. शोभेला उत्तम; सालीसाठी घेऊ नये.

नावांचा हा गोंधळ जुना आहे. कुड्याच्या सालीतल्या मुख्य अल्कलॉइडला आज कोनेसीन म्हणतात, पण एकोणिसाव्या शतकात त्याला 'राइटीन' असंही नाव होतं, कारण झाडच राइटिया वंशातलं समजलं जात होतं. युरोपात ही साल 'कोनेसी साल' किंवा 'तेलिचेरी साल' या नावांनी जाई. पुढे तिचा लौकिक उतरला, आणि काळ्या कुड्याची निरुपयोगी साल तिच्या जागी खपवली गेली हे त्यामागचं एक कारण त्या काळच्या औषधीतज्ज्ञांनीच नोंदवून ठेवलं आहे.

फुलं नसतील तेव्हा शेंगा पाहाव्यात. सगळ्यांत खात्रीची खूण तीच.

पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने येतात, प्रत्येक २० ते ४५ सेंटिमीटर लांब, पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून बारीक, अंगावर पांढरे ठिपके. दोन्ही शेंगा देठापासून मोकळ्या असतात, टोकाला चिकटत नाहीत. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पिकताना सुटतात. तांबड्या कुड्याच्या दोन शेंगा तर संपूर्ण लांबीभर जोडून एकच जाड शेंग झालेली दिसते. तरीही शंका राहिली तर पिकत आलेली शेंग उभी चिरावी आणि बीवरचा केसांचा झुबका कुठे आहे ते पाहावं. पांढऱ्या कुड्यात झुबका शेंगेच्या टोकाकडे असतो, काळ्या-तांबड्यात देठाकडे.

पावसाळ्यात झाड ओळखून त्याला दोरा किंवा रंगाची खूण बांधून ठेवावी. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागतात, आणि निष्पर्ण झाडांत कुडा कुठला हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

बियांपासून रोप

जंगलातली साल काढण्यापेक्षा बांधावर पंचवीस-तीस झाडं लावणं शहाणपणाचं. जमीन मुरमाड, कातळाळ, उताराची चालते. पाणी साचणारी नको. चिकामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून पडीक रानातही हे झाड टिकतं.

शेंगा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तपकिरी होतात. उकलल्या की बी वाऱ्यावर उडून जातं, म्हणून शेंग हिरवटपणा सोडून तपकिरी व्हायला लागली की तोडावी, किंवा झाडावरच दोन ठिकाणी सैल दोरा बांधून ठेवावी. तोडलेल्या शेंगा कापडी पिशवीत घालून तोंड बांधून सावलीत टांगाव्यात. चार-सहा दिवसांत आतल्या आत उकलतात.

बीवरचा केसांचा झुबका चोळून काढून टाकावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण केस ओल धरतात आणि वाफ्यात बीला बुरशी लागते. बी त्याच हंगामात पेरावं; वर्षभर ठेवलेल्या बियांची उगवण फार घसरते. पेरण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवावं.

पिशवी ५ बाय ७ इंचांची. माती, बारीक वाळू आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात. बी एक सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये, बारीक मातीचा पातळ थर पुरे. पेरणी एप्रिलमध्ये केली आणि पिशव्या अर्ध्या सावलीत ठेवल्या की साधारण दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. या टप्प्यावर सर्वांत जास्त रोपं मरतात ती पाणी जास्त झाल्यामुळे: देठ जमिनीलगत काळा पडतो, बारीक होतो आणि रोप आडवं होतं. मातीचा वरचा थर सुकलेला दिसला तरच पाणी द्यावं, तेही सकाळी. एका पिशवीत हे दिसलं की ती लगेच बाजूला काढावी.

जून-जुलैत रोप वीतभर झालं की लावावं. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. निघालेल्या मातीत दोन घमेली शेणखत मिसळून परत भरावा. झाडांमधलं अंतर तीन मीटर ठेवलं तर एकरी साधारण ४५० झाडं बसतात. बांधावर दोन मीटरवरही चालतात. रोप दुसऱ्या पावसापर्यंत पिशवीत ठेवू नये. मूळ तळाशी गोल फिरतं आणि पुढे झाड जोर धरत नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पंधरा दिवसांनी एकदा घागरभर पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढं केलं की पुढे झाड आपलं आपण पाहतं. खरा शत्रू वणवा. डिसेंबरात झाडांभोवती दोन मीटर गवत साफ करावं.

जुन्या झाडाच्या मुळांवरून फुटलेले धुमारेही मुळासकट खणून लावता येतात. पावसाच्या सुरुवातीला, निम्मी पानं कापून, लगेच लावावेत.

सालीसाठी झाड निदान आठ वर्षांचं हवं. त्याआधी साल पातळ असते आणि तिच्यात कसही कमी असतो.

कायद्याची बाजू

राखीव वनात झाडाची साल सोलणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. 'थोडीशीच काढली' हे उत्तर चालत नाही. वनहक्क कायदा, २००६ नुसार ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे गौण वनोपजावर, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिज मालावर, ग्रामसभेचा हक्क आहे, म्हणून तिथे ग्रामसभेचा ठराव आणि तिने ठरवलेले नियम पाहावेत. विक्रीसाठी साल गोळा करायची असेल तर जैवविविधता कायदा, २००२ ही लागू होतो. आपल्या मालकीच्या जमिनीवरचं झाड तोडायचं असलं तरी आधी वनरक्षकाला विचारलेलं बरं.

साल कधी काढावी

खोडात रस चढलेला असतो तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात, साल लाकडापासून अलगद सुटते. पण कोकणात जुलैत काढलेली साल वाळवणार कुठे? तीन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन भरपूर, पण साल लाकडाला घट्ट धरून बसते, तुकडे पडतात आणि लाकडाच्या चिपा सोबत येतात. दसरा ते दिवाळी हा मधला काळ सोयीचा. खोडात अजून ओल असते, आकाश मोकळं झालेलं असतं. सलग चार-पाच दिवस कोरडं हवामान दिसेल तेव्हाच काम हाती घ्यावं.

ओलीच साल वापरायची असेल तर ऋतूचं बंधन नाही. जुन्या ग्रंथांत नेहमी ताज्याच वापराव्यात अशा वनस्पतींची एक यादी आहे, तिच्यात गुळवेल, अडुळसा, शतावरी यांच्याबरोबर कुडाही आहे. आणि ओली घेतली म्हणून प्रमाण दुप्पट करू नये, असंही तिथेच सांगितलं आहे. घराजवळ झाड असण्याचा हा मोठा फायदा.

साल कशी काढावी

झाडाच्या खोडाभोवती पूर्ण वेढा घेऊन साल सोलली की झाड मरतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. तो थर सगळीकडून तुटला की मुळं उपाशी राहतात. झाड लगेच वाळत नाही, कधीकधी पुढचा हंगाम हिरवंही दिसतं, म्हणून सोलणाऱ्याला आपण ते मारलं हे कळतच नाही. रस्त्याकडेच्या कितीतरी कुड्यांची अशीच वाट लागली आहे.

दोन सुरक्षित रीती आहेत.

पहिली, खोड कापून फुटव्यावर वाढवण्याची. साल किलोच्या हिशेबात हवी असेल तर हीच. कुडा बुंध्यापासून जोरात फुटतो, हा त्याचा मोठा गुण.

१. छातीच्या उंचीवर घेर निदान ३० सेंटिमीटर असलेलं खोड निवडा. बारीक खोडांना हात लावू नका.

२. जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर करवतीने कापा. काप तिरका ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. कोयत्याच्या घावांनी बुंधा फाटतो, फटीत पाणी शिरतं आणि फुटवा येण्याआधीच बुंधा कुजतो. आधी अर्धा काप खालच्या, म्हणजे झाड पडणाऱ्या बाजूने घ्या, नाहीतर पडताना बुंध्याची साल लांबवर ओढली जाते.

३. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, हातांना खोबरेल तेल चोळून घेतलं तर चीक नंतर सहज निघतो.

४. खोड आणि मनगटाएवढ्या फांद्यांचे हातभर लांबीचे तुकडे करा. शेवाळ आणि दगडफूल ताठ ब्रशने घासून काढा. हे सोलण्याआधी करायचं. सोललेल्या सालीवर ते नीट होत नाही.

५. लाकडी मोगरीने सगळीकडून हलकेच ठोका. साल फुटेल इतकं जोरात नको. मग लांबीने एक उभी चीर लाकडापर्यंत द्या आणि बोथट सुरीने दोन्ही बाजूंना उचकत जा. साल कापलेल्या दिवशीच सोलावी. रात्रभर राहिली की पुन्हा चिकटते.

६. बुंध्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरू नये.

फुटवे पुढच्या पावसापर्यंत झुडुपासारखे गर्दी करतात. त्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. सगळेच ठेवले तर कुठलंच खोड जाड होत नाही. एकाच वर्षी सगळी झाडं कापू नयेत. आठ भाग करून दरवर्षी एक कापला तर पहिल्या भागाकडे परत येईपर्यंत तो तयार झालेला असतो.

दुसरी रीत घरगुती गरजेसाठी, उभ्या झाडावरून पट्टी काढण्याची. पट्टी उभी असावी, रुंदी चार बोटं, लांबी वीत-दीड वीत, आणि घेराच्या पाचव्या भागाहून जास्त नको. आधी चारही बाजूंनी सुरीने चीर द्यावी, मगच पट्टी उचलावी. चीर न देता ओढली तर साल फाटत वरपर्यंत जाते. आतला ओलसर गुळगुळीत थर खरवडू नये, नवी साल त्यातूनच येते. जखम भरून येईपर्यंत, म्हणजे निदान दोन वर्षं, त्या झाडाला पुन्हा हात लावू नये, आणि पुढची पट्टी समोरच्या बाजूने घ्यावी.

मुळाच्या सालीला, कुडापाळाला, वैद्य जास्त मानतात. पण मुळासाठी झाड उपटणं म्हणजे पेटीसकट दागिना विकणं. रस्ता किंवा घरबांधणीसाठी जागा साफ होत असेल तिथली मुळं घ्यावीत. तशी संधी नसेल तर झाडाच्या एकाच बाजूला अर्धवर्तुळात खणून अंगठ्याहून जाड असं एखादं-दुसरं मूळ कापावं आणि माती परत नीट दाबावी. कापलेल्या टोकाशी बहुधा धुमारा येतो.

वाळवण आणि साठवण

सोललेली साल एकदा पाण्यातून काढून लगेच पुसावी. भिजत ठेवू नये, कस पाण्यात उतरतो. बाहेरचे सुटे खवले खरवडून टाकावेत. पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करून जाळीच्या चौकटीवर किंवा सुतळीच्या खाटेवर एकाच थरात पसरावेत. खालून वारा लागला पाहिजे. जमिनीवर प्लॅस्टिक टाकून वाळत घातलेली साल खालच्या बाजूने घामेजते आणि तिथूनच बुरस लागतो.

पहिले दोन दिवस सावलीत वाऱ्यावर, मग कोवळ्या उन्हात. सुरुवातीलाच कडक उन्हात टाकली तर वरचा थर आकसून कडक होतो, आतली ओल अडकते, आणि वरून खडखडीत वाटणारी साल डब्यात महिन्याभराने बुरसते. दिवसातून दोनदा उलटावी. रात्री घरात घ्यावी, दिवाळीच्या सुमारास दव पडतं. आठ-दहा दिवस लागतात. वाळली की नाही हे मोडून पाहायचं: तुकडा कट्‌कन तुटला, तुटलेली कड दाणेदार दिसली, तंतू लोंबले नाहीत, म्हणजे झालं. वाकून मग तुटत असेल तर अजून दोन दिवस. वाळल्यावर वजन निम्म्याच्या आसपास येतं.

चांगली साल आतबाहेर वाकलेली, बाहेरून फिकट ते गडद तपकिरी, उभ्या सुरकुत्यांची आणि आडव्या बारीक पुटकुळ्यांची असते. आतली बाजू तपकिरी, खरबरीत. वास जवळजवळ नाही. तांदळाएवढा कण जिभेवर ठेवून चावला की झोंबरा कडूपणा येतो आणि बराच वेळ जात नाही. थुंकून टाकावा. कडूपणा सौम्य असेल आणि साल पातळ, गुळगुळीत दिसत असेल तर ती काळ्या कुड्याची असण्याचा संशय धरावा. दुकानातून आयती पूड घेण्यापेक्षा अख्खे तुकडे घ्यावेत. पूड झाल्यावर कोणता कुडा होता हे घरबसल्या ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट डब्यात, वर नाव, सालीचा प्रकार आणि काढल्याची तारीख लिहून ठेवावी. वर्षाच्या आत संपवावी. भरड लागेल तेवढीच करावी.

काढा, पुटपाक आणि उगाळण

आधी एक गोष्ट. जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिला उपाय ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुडा त्यानंतर. ताप, शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, तान्हं मूल किंवा वयस्कर माणूस, यांपैकी काहीही असेल तर काढा उकळत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

कुडा ग्राही आहे, म्हणजे मळ बांधतो. अजीर्णाने किंवा विषारी अन्नाने सुरू झालेले पहिल्या दिवसाचे जुलाब शरीर घाण बाहेर टाकत असतं म्हणून होतात. त्यावेळी कुडा दिला तर जुलाब थांबतात, पण पोट फुगतं, मुरडा वाढतो आणि ताप चढू शकतो. म्हणून वैद्य आधी लंघन आणि पाचन सांगतात, नंतर कुडा. 'औषधाने उलट त्रास झाला' अशी तक्रार असते तेव्हा घाई हेच कारण बहुतेक वेळा निघतं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कुडा घेऊ नये. लहान मुलांना घरच्या अंदाजाने देऊ नये. बद्धकोष्ठ असणाऱ्यांना तो सोसत नाही. जास्त मात्रेत मळमळ आणि चक्कर येते. इतर औषधं चालू असतील तर आधी वैद्यांना सांगावं. खालची प्रमाणं मोठ्या माणसासाठी रूढ असलेली आहेत. किती दिवस घ्यायचं ते वैद्यांनी ठरवायचं.

काढा: वाळलेल्या सालीची जाड भरड २० ग्रॅम, पाणी ३२० मिलिलिटर. दोन-तीन तास भिजवून मंद आचेवर, झाकण न ठेवता, चौथा हिस्सा म्हणजे ८० मिलिलिटर उरेपर्यंत उकळायचं. कापडातून गाळून दोन वेळांना विभागून घ्यायचं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. लोखंडी कढईत सालीतल्या तुरट द्रव्यांमुळे काढा काळा पडतो. भरड फार बारीक केली तर काढा गाळताना चिखल होतो. मोठ्या आचेवर घाईने आटवला तर पाणी उडून जातं आणि कस सालीतच राहतो. उरलेला काढा दुसऱ्या दिवशी वापरू नये.

पुटपाक ही ओल्या सालीची खास रीत. ताजी साल १६० ते १९० ग्रॅम (जुन्या मापात चार पळं) तांदळाच्या धुवणात बारीक वाटायची. गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा. त्यावर कणकेचा बोटभर थर, कणकेवर चिकणमातीचा तेवढाच थर. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात माती लालसर होईपर्यंत ठेवायचा. बाहेर काढून कोमट झाला की माती आणि कणीक फोडून आतला गोळा कापडात पिळायचा. निघालेला रस गार झाल्यावर मधातून देतात. मातीला तडा गेला तर आतला रस वाफ होऊन जातो, म्हणून माती लावल्यावर अर्धा तास सावलीत सुकू द्यावी आणि भेगा ओल्या मातीने बुजवाव्यात. जांभळाची पानं नुसती वेष्टनाला नाहीत, तीही स्तंभक, म्हणजे जुलाब थांबवणारी आहेत.

कुडापाळ सहाणेवर ताकात उगाळून देण्याची कोकणातली पद्धत सर्वांत साधी. ताक ताजं, लोणी काढलेलं हवं. मात्रा मात्र वळशांवर मोजली जाते आणि प्रत्येकाचा वळसा वेगळा, म्हणून ती माहितगाराच्या हातूनच घ्यावी.

कुटजघनवटीच्या गोळ्यांसाठी लागणारा घन, म्हणजे आटवून घट्ट केलेला काढा, घरी करायचा असेल तर एक किलो भरड आठ लिटर पाण्यात उकळून दोन लिटर उरवायची, गाळायची आणि तो काढा पुन्हा आटवायचा. काकवीइतका दाट झाल्यावर भांडं थेट आचेवर ठेवू नये, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवावं. शेवटच्या पंधरा मिनिटांत तळ लागून सगळी मेहनत जळते ती इथेच. किलोभर सालीतून शंभर ते दीडशे ग्रॅम घन हाती लागतो. कुटजारिष्ट मात्र घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात मुळाच्या सालीबरोबर मनुका, मोहाची फुलं, शिवण, धायटीची फुलं आणि गूळ असतो, आणि आंबवण बिघडलं की ते नुसतं आंबट पाणी होतं.

इंद्रजव आणि फुलं

बियांसाठी शेंगा वर सांगितल्याप्रमाणेच काढायच्या. बाजारात 'कडू इंद्रजव' म्हणजे पांढऱ्या कुड्याचं बी आणि 'गोड इंद्रजव' म्हणजे काळ्या कुड्याचं. बी विकत घेताना दोन-चार चावून पाहावेत.

फुलांची भाजी मे-जूनमध्ये कोकणात होते. नुकती उमललेली फुलं आणि कळ्या पहाटे काढायच्या, देठ खुडायचे. उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गार पाण्यात घालायच्या आणि घट्ट पिळायच्या. कडूपणा जास्त वाटला तर हे पुन्हा एकदा. दोन वाट्या पिळलेल्या फुलांना पाव वाटी भिजवलेली मूगडाळ, दोन कांदे, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. तेलात लसूण-मिरची, मग कांदा आणि डाळ, डाळ बोटाने दबली की फुलं. वर ओलं खोबरं. फुलं आधी घातली तर ती गळून लगदा होतात. भाकरीबरोबर खावी, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने वाटीभरच.

झुबक्यातली सगळी फुलं खुडू नयेत. निम्मी ठेवली तर शेंगा धरतील आणि पुढच्या वर्षीच्या पिशव्यांना बी मिळेल.